दशांशानंतर

कोलंबसच्या उत्तरेला, बंद पडलेल्या एका शाळेची जिम.
फेब्रुवारीतला शनिवार. हीटर खोकतोय.
भिंतीपाशी नऊ मुलं, वीस-एकवीसची,
सगळी चौकटीखाली मान वाकवून आत आलेली.
बास्केटबॉलनं ज्यांना अर्ध्या वाटेत उतरवलं
त्यांना आज दुसरा एक खेळ बघायला आलाय,
पार ऑस्ट्रेलियाहून.
त्याच्या वतीनं ग्लेनिस टॉबिन, हातात तक्ता, गळ्यात शिट्टी.
नवातले दोन न्यायचेत.

माझं काम मोजायचं.
गुडघे दाबून बघतो, टेप धरतो
या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत:
दोनशे अकरा. दोनशे आठ.
मिठी मारल्यासारखं उभं राहावं लागतं,
मग दोघंही दुसरीकडे बघतो.
नियम मला अजून नीट कळलेले नाहीत.
या डावात मी कच्चं लिंबू,
मैदानात आहे, पण बाद धरत नाहीत.

ग्लेनिस चेंडू काढते. तांबडा, लंबगोल,
दोन्ही टोकांना चिमटीत धरून ओढल्यासारखा.
मुलं तो हातात घेतात
जसं पाहुण्यानं परक्या घरातलं तान्हं घ्यावं.
"टप्पा पाडत पळा," ती म्हणते.
जन्मभर ज्यांचा चेंडू पडला तसा हातात आला
त्यांच्या नडगीला लागून हा भलतीकडेच उडतो.
हशा पिकतो. ती हसत नाही. लिहिते.

ब्रँडवोल्ड, विस्कॉन्सिनचा, दोनशे नऊ सेंटिमीटर.
उडी अशी की वरची पट्टी कमी पडते,
खुर्चीवर चढून मी भिंतीवर खडूनं रेघ मारतो.
ग्लेनिस पेन ठेवून टाळी वाजवते.
फक्त चेंडू जमिनीवर पडला की तो थांबतो.
पडलेलं कुणीतरी उचलतंच, अशा घरातला असावा.

आणि अब्दिरिझाक वर्सामे, याच गावचा.
एकशे शहाण्णव. या रांगेत बुटका.
उडी बेताची. बूट उसने, पुढं मोजा कोंबलेला.
पण आपटलेला चेंडू कुठं वळणार
हे चेंडूच्या आधी याला कळतं.
पहिल्यांदा वाटलं, योगायोग.
तिसऱ्यांदा मी टेप गुंडाळायची विसरलो.
तक्त्यात याला रकाना नाही. मी शोधला.
वजन, पंजा, उडी, आवडता पाय,
आईची उंचीसुद्धा आहे. हे नाही.

शाळेत खो-खोचे संघ पाडताना
दोन्ही कप्तान माझ्याबाबतीत फार उदार होत.
"तू घे." "छे छे, तूच घे."
मी खपली काढत उभा.

शेवटी वीस मीटरची धाव.
यंत्राचे सेल संपलेत, म्हणून हातातलं घड्याळ,
म्हणजे माझा अंगठा.
तीन पूर्णांक वीसच्या आत, तर पुढं. नाहीतर सँडविच आणि घरी.
आठवा अब्दिरिझाक. वाकतो. सुटतो.
रेघ ओलांडतो.

३.२१

अंगठा डोळ्यांच्या मागून धावतो,
किती मागून, ते मी परीक्षेत लिहिलंय,
पैकीच्या पैकी गुण मिळालेत त्याला.
"किती?" त्या टोकावरून ग्लेनिस.
मुलगा माझ्याकडे बघतच नाही.
कुणाच्या तरी पायाखालून सुटलेला चेंडू
अडखळत, मत बदलत बाकाखाली चाललाय.
मला वाटलं, डावीकडून निघेल.
तो उजवीकडे जाऊन उभा राहिला, हात खाली धरून.

"तीन एकोणीस," मी म्हणालो.

त्याच्या आधीच्या सात जणांना
ही माया मी दाखवली नव्हती.
त्यातला एक दारापाशी बसून बुटांची नाडी सोडत होता,
सावकाश, एकेका भोकातून.

चेंडू उजवीकडून आला.
मी घड्याळ शून्यावर आणलं,
अंगठा पँटला पुसला
आणि ब्रँडवोल्डला हाक मारली.